रस्त्यावरचा नायक आणि दारातली बाई

सूरसागरकाठ

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातील आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावर कॅसेटींनी भरलेली एक पत्र्याची पेटी सापडली. १९९३ ते १९९६ या काळात मी फतेहगंजातील एका मैत्रिणीच्या घरामागच्या खोलीत चार मुलींच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवत असे, आणि या कॅसेटी त्या दिवसांतल्या आहेत. बडोद्यात तेव्हा बँड म्हटले की वरातीचा बँडच डोळ्यांसमोर येई. मी वरातीत वाजवायला जाते, असे माझ्या आजीला कितीतरी दिवस वाटत होते आणि त्या समजुतीने ती मनातून दुखावलेली होती, हे मला फार उशिरा कळले.

कॅसेटी अजून वाजतात. माझी सोळा वर्षांची मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला तिने विचारले, ‘‘आई, हा माणूस त्या मुलीबद्दल असे का बोलतो आहे? आणि तू हे आवडीने ऐकत होतीस?’’ मला उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

ते गाणे रोलिंग स्टोन्स या इंग्रज रॉक बँडचे, १९६६ सालचे, ‘अंडर माय थम्ब’. जी मुलगी एके काळी आपल्याला नाचवत होती ती आता आपल्या अंगठ्याखाली आहे, आपण बोलू तेव्हा बोलते, आपण सांगू तसे कपडे घालते, असे त्यात एक पुरुष सांगतो आणि तिची तुलना पाळीव जनावरांशी करतो. गाण्याची चाल मात्र विलक्षण गोड आहे. ब्रायन जोन्सने त्यात मरिंबा, म्हणजे आपल्या काष्ठतरंगासारखे वाद्य, इतके हलके वाजवले आहे की शब्दांचे विष जाणवतच नाही. त्या गाण्यातील बेसचे सूर बोटांत बसवण्यासाठी मी कित्येक आठवडे घालवले होते. मुलीच्या प्रश्नानंतर माझ्या ध्यानात आले की ते गाणे ऐकताना मी स्वतःला त्या मुलीच्या जागी एकदाही ठेवले नव्हते. मी नेहमी गाणाऱ्याच्या जागी उभी राहत होते, कारण गाण्यात उभे राहण्याजोगी जागा तेवढी एकच होती.

रॉकमधील बंडखोर नायकाची गोष्ट बहुतेक वेळा घर सोडण्यापासून सुरू होते. त्याला रस्ता हवा असतो, रात्र हवी असते आणि कोणाचेही बंधन नको असते. मग बंधन म्हणजे कोण, हे सांगण्याची वेळ आली की गाण्यात बाई येते. वाट पाहणारी आई, लग्नाची गोष्ट काढणारी प्रेयसी, पैशाचा हिशेब विचारणारी बायको. सरकारविरुद्ध, युद्धाविरुद्ध, शाळामास्तरांविरुद्धही या लोकांनी गायिले, आणि त्यातले पुष्कळ मला आजही खरे वाटते. परंतु ज्या भिंतीला धक्का देऊन तो नायक बाहेर पडतो ती भिंत वारंवार एखाद्या बाईचीच असते. बाहेर रस्त्यावर त्याला ज्या स्त्रिया भेटतात त्या एका रात्रीच्या असतात आणि त्यांना बहुधा नावही नसते. गोष्ट गाण्यापुरती राहिलीही नाही. १९७६ मध्ये रोलिंग स्टोन्सच्याच नव्या ध्वनिमुद्रिकेसाठी लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर एक अवाढव्य जाहिरातफलक लावला गेला होता. त्यावर दोरीने बांधलेली, अंगावर वळ उठलेली एक स्त्री होती आणि हे आपल्याला आवडते असे तिच्या तोंडी घातलेले होते. तेथील स्त्रियांच्या संघटनेने निषेध केल्यावर तो उतरवावा लागला.

याच्या उलट टोकाला मला बिग मामा थॉर्नटन ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका दिसते. ‘हाउंड डॉग’ हे गाणे पुष्कळांना एल्व्हिस प्रेस्लीचे म्हणून ठाऊक असते, पण ते थॉर्नटनने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते आणि पुढच्या वर्षी कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या बाजारपेठेत ते आठवड्यांमागून आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. तिच्या गाण्यात दारात उभी असलेली बाई आहे. फुकट खायला येणाऱ्या, गोड बोलून घरात शिरू पाहणाऱ्या पुरुषाला ती ओळखते आणि हाकलून देते. १९५६ मध्ये एल्व्हिसने ते गायिले तेव्हा शब्द बदललेले होते. ससाही न पकडणाऱ्या कुत्र्याबद्दलचे ते एक खेळकर गाणे झाले होते. घर तिचे आहे आणि दार उघडायचे की नाही हे ती ठरवते, एवढी एकच गोष्ट त्यातून काढून घेतली गेली, आणि माझ्या मते गाण्याचा प्राण तीच होती.

आता आमच्याविषयी. आमच्यापैकी कोणालाही घर सोडून जायचे नव्हते. आम्हाला खोली हवी होती, संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ हवी होती, आणि दोन अँप, म्हणजे गिटारचे ध्वनिवर्धक, चालतील इतकी वीज हवी होती. पहिल्या वर्षी एका महाविद्यालयाच्या युवक महोत्सवात आम्ही वाजवले, तेव्हा आयोजकांपैकी एकाने मला विचारले की गिटार भावाची आहे का. आमचे तिसरे गाणे चालू असताना मुख्य बँडची वेळ झाली असे सांगून आमचा आवाज बंद करण्यात आला. घड्याळात आमची अकरा मिनिटे उरलेली होती. ती अकरा मिनिटे मी विसरलेले नाही.

मला चर्चा हवी आहे ती याची की ज्या संगीतावर आपण जीव लावला, त्यात आपल्याविषयीच तुच्छता भरलेली असेल तर ते कसे ऐकावे. आणि स्त्रियांनी त्यात जे बंड केले ते कोणत्या स्वरूपाचे होते, यावरही जाणकारांनी लिहावे.

बैठकीतला श्रोता

ताई, आपला लेख मनापासून लिहिलेला आहे, म्हणून मीही मनापासून असहमती नोंदवतो. माझे वय आता सत्तरीकडे झुकले आहे आणि मी ही गाणी त्या काळातच ऐकली आहेत. गाण्यात बोलणारा माणूस आणि गाणारा माणूस हे एकच नसतात. आपल्या शाहिरांनी बाईच्या तोंडच्या शेकडो लावण्या लिहिल्या, म्हणून त्या शब्दांना कोणी शाहिराच्या मनाचा दाखला मानत नाही. दुसरे असे की रॉकमधील फुशारकी ब्लूजमधून, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून, आली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या ज्या कृष्णवर्णीय पुरुषाला गोऱ्या माणसासमोर मान वर करता येत नव्हती, त्याने गाण्यात तरी आपण कोणाचे तरी धनी आहोत असे म्हटले. त्या बढाईमागचे दुःख न समजता तिच्यावर स्त्रीद्वेषाचा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते.

सूरसागरकाठ

काका, दुःखाचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र दोन गोष्टी नम्रपणे मांडते. ब्लूज गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताची पहिली गाजलेली ध्वनिमुद्रिका १९२० सालची आहे आणि ती मेमी स्मिथ या स्त्रीची आहे. त्या दशकात मा रेनी आणि बेसी स्मिथ यांनी मारणारा नवरा, फसवणारा प्रियकर, दारू, स्वतःची वासना असे सगळे उघडपणे गायिले. त्यामुळे ब्लूज ही पुरुषाचीच वेदना होती आणि स्त्री त्या वेदनेचा विषय होती, असे मानले तर आपण इतिहासाच्या आरंभीची पानेच फाडतो. दुसरे असे की ज्या इंग्रज मुलांनी ती बढाई उचलली त्यांच्या वाट्याला ते शेत आणि तो धनी कधी आलाच नव्हता. दुःख मागे राहिले आणि धनीपण तेवढे समुद्र ओलांडून आले. बोलणारा आणि गाणारा वेगळे असतात हेही खरे आहे, पण सनसेट बुलेव्हार्डवरचा फलक कोणत्याही पात्राच्या तोंडचा नव्हता. तो माल विकण्यासाठी लावलेला होता.

तंबोरा

मी रॉकची श्रोती नाही. येथील गायनशाळेच्या परंपरेत शिकले. मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये सुरू केलेली ही शाळा आज विद्यापीठाची एक विद्याशाखा आहे. तरीही या धाग्यावर लिहावेसे वाटले, कारण हा प्रश्न आपल्या शहराच्या नावाशीच जोडलेला आहे.

हिराबाई बडोदेकर यांच्या नावात बडोदे आले ते आई ताराबाई माने यांच्याकडून. हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँसाहेब यांचे घर मुलांसह सोडून ताराबाई बाहेर पडल्या, आणि पुढे ही भावंडे वडिलांचे नाव न लावता गाऊ लागली. आपण रस्त्यावरच्या नायकाविषयी लिहिले आहे. येथे पाच मुलांना बरोबर घेऊन एका बाईने घर सोडले, तेव्हा तिला स्वैर भटकंती करायची नव्हती. तिला दुसरे घर उभे करायचे होते.

हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या. कुलीन म्हणवणाऱ्या समाजाने बाईला गाताना पाहावे आणि त्यासाठी पैसे मोजावेत, ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती, कारण गाणारी बाई म्हणजे कोठ्यावरची बाई हे समीकरण पक्के झालेले होते. त्यावर त्यांनी काढलेला मार्ग असा की हावभाव नाहीत, अदा नाही, साधे नेसलेले लुगडे आणि नितळ सूर. आपल्या भाषेत याला बंड म्हणता येईल का, हे मला खरोखर विचारायचे आहे. पुढे उषा उथुप यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस नाइटक्लबमध्ये पाश्चात्त्य गाणी गायिली ती कांजीवरम साडी नेसून, केसांत फुले माळून. पदर जागच्या जागी ठेवून या स्त्रियांनी जी जागा मिळवली, ती पदर फेकून देणाऱ्यांना मिळाली असती असे मला वाटत नाही.

सूरसागरकाठ

तंबोराताई, आपला प्रतिसाद मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचला. हिराबाईंनी केले ते बंडच होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मला टोचते ते हे की त्यांना मिळालेली जागा भाड्याची होती आणि भाडे सभ्यतेच्या रूपाने प्रत्येक मैफिलीत नव्याने भरावे लागत होते. एखाद्या उस्तादाने मद्य घेऊन गायिले तर त्याच्या आख्यायिका होतात. बाईला एकदाही चुकण्याची मुभा नसते.

जॅनिस जॉप्लिन या अमेरिकन रॉक गायिकेचे उदाहरण याच संदर्भात आठवते. टेक्सासमधील विद्यापीठात शिकत असताना तेथील सर्वांत कुरूप पुरुष निवडण्याच्या स्पर्धेत या मुलीचे नाव घालण्यात आले होते. पुढे १९६७ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात तिने ‘बॉल अँड चेन’ गायिले तेव्हा ऐकणारे अवाक झाले. ते गाणेही मुळात बिग मामा थॉर्नटनचेच. जॉप्लिनने सभ्यतेचे भाडे भरण्यास नकार दिला, पुरुष पितात तशी ती प्याली आणि पुरुष गातात त्याहून अधिक मोकळेपणाने गायिली. १९७० मध्ये सत्ताविसाव्या वर्षी ती गेली. तिच्या मृत्यूतून मला कोणताही धडा काढायचा नाही. त्याच काळात, त्याच वयात पुरुषही गेले आणि त्यांची स्मारके झाली. दोन्ही वाटांवर बाईला किंमत वेगवेगळ्या नाण्यांत मोजावी लागली, एवढेच मला दिसते.

चौदा चॅनेल

मी गेली बावीस वर्षे बडोद्यात गरब्याच्या मैदानांवर आणि महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत ध्वनियंत्रणा लावतो. हा धागा माझ्या पत्नीने मला वाचायला दिला. अकरा मिनिटांची हकीकत वाचून मला माझे स्वतःचे काम आठवले आणि ते येथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

मुलींचा बँड मंचावर आला की माझा हात आपोआप गायिकेचा आवाज वर नेतो आणि गिटार खाली ओढतो. मुलांच्या बँडच्या वेळी मी तसे करत नाही. त्यांचे अँप कितीही कर्कश असले तरी त्यांना काय हवे आहे हे विचारतो. मी हे कधी ठरवून केलेले नाही, परंतु मिक्सरवरच्या खुणा पाहिल्या तर केलेले स्पष्ट दिसेल. बाईचा आवाज ऐकायला लोक येतात आणि तिच्या हातातील वाद्य शोभेचे असते, असे मी कोठेतरी धरून चाललो होतो. गरब्यातही मंचावर गायिका अनेक असतात, पण ढोल, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवर मुलगी मला बावीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा दिसली.

नवरात्रात नऊ रात्री हेच शहर मुलींच्या ताब्यात असते. मध्यरात्री स्कूटीवरून घरी परतणाऱ्या मुलीला कोणी अडवत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वसतिगृहाचे फाटक पुन्हा वेळेवर बंद होते. म्हणजे रस्ते सुरक्षित ठेवणे या शहराला येत नाही असे म्हणता येणार नाही.

तिसरे वर्ष

मी ललितकला शाखेत शिकते आणि आमच्या तीन जणींच्या बँडमध्ये ड्रम वाजवते. चौदा चॅनेल काकांनी लिहिले ते वाचून मला रडू आले, कारण आम्ही इतकी वर्षे आमचेच अँप खराब आहे असे समजत होतो.

बंडाचे स्वरूप काय, या प्रश्नावर मला लिहायचे आहे. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील ऑलिंपिया या लहान शहरातून रायट गर्ल नावाची, पंक म्हणजे आक्रमक रॉक वाजवणाऱ्या मुलींची चळवळ निघाली. बिकिनी किल हा त्यातला सर्वांत परिचित बँड. त्या काळच्या पंक मैफिलींत मंचासमोरची जागा धडका देणाऱ्या मुलांनी व्यापलेली असे आणि मुली भिंतीला टेकून, मित्रांचे कोट सांभाळत उभ्या राहत. बिकिनी किलची गायिका कॅथलीन हॅना गाणे सुरू करण्यापूर्वी मुलांना मागे जायला आणि मुलींना पुढे यायला सांगत असे. यामुळे तिच्यावर मंचावर वस्तू फेकल्या गेल्या, शिव्या दिल्या गेल्या. मला हे गाण्याच्या शब्दांपेक्षाही मोठे वाटते, कारण शब्द न बदलता नुसती उभे राहण्याची जागा बदलली तरी ऐकणे बदलते. त्या चळवळीत बहुतेक मुली गोऱ्या आणि मध्यमवर्गीय होत्या व इतर वर्णांच्या मुलींना त्यात परके वाटले, ही टीकाही तितकीच खरी आहे.

आपल्या देशातील गोष्ट त्याहून जवळची आहे. काश्मीरमधील प्रगाश हा तीन शाळकरी मुलींचा बँड डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरच्या एका स्पर्धेत वाजवून पारितोषिक घेऊन आला. त्यानंतर समाजमाध्यमांवर धमक्यांचा पूर आला, मुफ्तींनी त्यांच्या गाण्याविरुद्ध फतवा काढला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बंद झाला. प्रगाश म्हणजे प्रकाश. त्या मुली तेव्हा माझ्या आजच्या वयाहूनही लहान होत्या. आमच्या चित्रफितींखाली जे लिहिले जाते ते मी येथे लिहू शकत नाही. त्यात वाजवण्याविषयी एक शब्दही नसतो, असतो तो आमच्या चारित्र्याविषयीचा एक ठरावीक शब्द. हॅनाने तोच अर्थ असलेला इंग्रजी शब्द स्वतःच्या उघड्या पोटावर लिहून मंचावर जाण्याचे धैर्य दाखवले होते. मला ते जमणार नाही, आणि जमावे असेही निश्चितपणे वाटत नाही.

ओवी

तिसरे वर्ष, तो शब्द अंगावर घेण्याचे धैर्य मराठीत सातशे वर्षांपूर्वी एका दासीने दाखवलेले आहे. डोक्यावरचा पदर खांद्यावर येऊ देऊन, हातात टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊन आपण भरल्या बाजारात जाऊ, आता मला कोण अडवतो ते पाहू, असे जनाबाई म्हणते. अभंगाच्या शेवटी ती स्वतःला येसवा म्हणवून घेते, म्हणजे वेश्या. लहानपणापासून आपण हा अभंग भक्तीचा म्हणून ऐकतो आणि तो शब्द ओठांवरून घसरून जातो. बाजारात वाद्य घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला लोक काय म्हणणार हे तिला पक्के माहीत आहे, आणि लोकांनी म्हणण्याआधी तिने ते स्वतः म्हणून टाकले आहे.

तंबोराताईंच्या पदराच्या मुद्द्याला हे पूर्ण उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. जनाबाईच्या पाठीशी विठ्ठल होता. त्या बळावर तिला जे बोलता आले ते एखाद्या मुलीने एकटीने बोलावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल.

तंबोरा

हा अभंग मी पन्नास वर्षे गाते आहे आणि शेवटचा चरण बहुतेक वेळा घाईने संपवते. पुढच्या वेळी तेथे थांबेन.

बैठकीतला श्रोता

मी माझे सगळे म्हणणे मागे घेत नाही, पण मेमी स्मिथविषयी मला ठाऊक नव्हते. काल रात्री थॉर्नटनचे मूळ ‘हाउंड डॉग’ प्रथमच ऐकले. साठ वर्षे मी ते कुत्र्याचे गाणे समजत होतो.

सूरसागरकाठ

मुलीला मी हा धागा वाचायला दिला. ‘अंडर माय थम्ब’ टाकून द्यायचे का, असे तिने विचारले. मी तिला टीना टर्नर या अमेरिकन गायिकेने १९७५ मध्ये गायिलेले तेच गाणे ऐकवले. अंगठ्याखाली आता पुरुष आहे, हा बदल तर आहेच. परंतु पुढच्याच वर्षी ती मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून खिशात जेमतेम छत्तीस सेंट घेऊन हॉटेलातून पळाली आणि घटस्फोटात मालमत्तेऐवजी तिने आपले नाव मागितले, हे ठाऊक असल्यावर त्या आवाजातला जोर निराळाच ऐकू येतो. मुलीने ते दोनदा ऐकले आणि मग मूळ गाणे पुन्हा लावून मरिंबाचे सूर बाजाच्या पेटीवर शोधत बसली.

तिसरे वर्ष, तुम्हाला खोली हवी असेल तर दांडिया बाजारातील घर अजून दोन महिने आमच्या ताब्यात आहे. मागच्या खोलीला दगडी भिंती आहेत आणि शेजाऱ्यांशी मी बोलले आहे. वेळेचे बंधन नाही.

तिसरे वर्ष

ताई, आम्ही शनिवारी येतो. थॉर्नटनचे ‘हाउंड डॉग’ बसवायला घेतले आहे; शब्द तिचेच ठेवणार. आमच्या गायिकेला तो खर्ज जमत नाही, म्हणून पट्टी वर घ्यावी लागेल आणि बेसचे सूर नव्याने मांडावे लागतील. तुमची गिटार अजून आहे का?

चौदा चॅनेल

शनिवारी मिक्सर आणि दोन मॉनिटर घेऊन मीही येतो. गिटार किती ठेवायची ते तुम्ही सांगा.